ग्रँड स्ट्रॅटेजी गेममधली अर्थव्यवस्था कितपत खरी? नव्यानं खेळणाऱ्यांसाठी तपासणीच्या पायऱ्या

ग्रँड स्ट्रॅटेजी गेम, म्हणजे नकाशावर अख्खा देश चालवायचा संगणकावरचा खेळ, हातात घेतल्यावर काही तासांतच बहुतेकांच्या मनात येतं, ‘हे खरंच असं होतं का?’ झेंडे, राजांची नावं, नकाशावरच्या सीमा यांबद्दलचं उत्तर पटकन मिळतं. जुना नकाशा शोधला, तारीख ताडून पाहिली की झालं. पैशाचं तसं नाही. कर कसा गोळा होतो, भाव का चढतो, कारखाना कोण उभारतो, हे सगळं नियमांच्या आत असतं आणि खेळताना आपण ते निमूट स्वीकारून पुढे जातो. माझ्या मते या खेळांतून इतिहास शिकायची खरी जागा हीच आहे. गेममधला प्रत्येक आर्थिक नियम म्हणजे ‘जग असं चालत होतं’ असा एक दावा असतो, आणि दावा तपासता येतो. कसा, ते पायरीपायरीनं सांगतो. आधीचा अनुभव नसला तरी चालेल. थोडा संयम आणि स्पेसबार, म्हणजे पॉझचं बटण, एवढं पुरे.

पायरी १: कोणत्या प्रश्नासाठी कोणता गेम, हे ठरवा

या प्रकारातले बहुतेक ओळखीचे गेम स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स कंपनीचे आहेत, त्यामुळे उदाहरणं तिथलीच घेतो.

‘क्रुसेडर किंग्ज ३’ मध्ये ८६७ पासून १४५३ पर्यंतचा काळ आहे. त्यात माणसं, घराणी आणि वारसा महत्त्वाचे; अर्थव्यवस्था म्हणजे जहागिरींतून दरमहा येणारं सोनं, बस. व्यापारी मालाचा बाजार शोधायला तिथं जाऊ नका. ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ १४४४ ते १८२१ चा आहे. राज्यसंस्था, वसाहती आणि व्यापारी मार्ग हा त्याचा विषय. ‘व्हिक्टोरिया ३’ १८३६ ते १९३६ या शतकाचा आहे आणि त्यात वर्ग, मजुरी, भाव, कारखाने हेच केंद्रस्थानी आहेत. ‘हार्ट्स ऑफ आयर्न ४’ १९३६ ला सुरू होतो आणि त्यात पैसाच नाही. नागरी कारखाने, लष्करी कारखाने, पोलाद, तेल, रबर यांवर सगळा हिशेब चालतो. २०२५ च्या नोव्हेंबरात आलेला ‘युरोपा युनिव्हर्सालिस ५’ १३३७ पासून सुरू होतो आणि लोकसंख्या व बाजारपेठ या पायावर उभा आहे, पण पहिलाच गेम म्हणून तो अंगावर येतो.

अर्थव्यवस्था समजून घ्यायची असेल तर ‘व्हिक्टोरिया ३’ पासून सुरुवात करा आणि देश बेल्जियम घ्या. देश लहान आहे, कोळसा आणि लोखंड हाताशी आहे, आणि युरोपच्या मुख्य भूमीवर औद्योगिकीकरणात तो खरोखरच आघाडीवर होता. ब्रिटन पहिल्यांदा घेऊ नका. इतक्या वसाहती आणि इतक्या सूचना एकदम समोर येतात की नियम दिसायच्या आधी माणूस थकतो. डीएलसी, म्हणजे गेमला जोडायचे वेगळे विकत मिळणारे भाग, तेही आत्ताच नकोत. मूळ गेम पुष्कळ आहे.

पायरी २: घड्याळ सुरू करण्याआधी अंदाजपत्रक वाचा

खेळ थांबलेला असतानाच अंदाजपत्रकाचा पडदा उघडा. कर कोणाकडून येतो, कोणत्या कायद्यानुसार येतो, खर्च कशावर होतो आणि पैसा संपला तर गेम काय करतो, हे बघा. टूलटिपवर, म्हणजे शब्दावर माउस नेला की उघडणाऱ्या माहितीच्या चौकटीवर, माउस धरून ठेवला की तिच्या आतली टूलटिप उघडते; तिच्यातही पुढची. या साखळीत उतरायची सवय लावून घ्या, कारण खरे नियम तिथेच लिहिलेले असतात.

‘व्हिक्टोरिया ३’ मध्ये सरकारी कचेऱ्यांना कागद लागतो आणि तो बाजारातून विकत घ्यावा लागतो. कागद महागला की राज्यकारभार महागतो. मला हा छोटासा नियम फार आवडतो, कारण राज्य हे हवेत तरंगत नाही, तेही बाजारातलं एक गिऱ्हाईक आहे, हे तो दाखवतो. करपद्धत बदलायची तर कायदा बदलावा लागतो आणि जमीनदारांसारखे हितसंबंधी गट त्याला अडवतात. इतिहासाशी हे चांगलं जुळतं: ब्रिटनमध्ये आयकर १७९९ मध्ये युद्धखर्चासाठी आला, नेपोलियन संपताच १८१६ मध्ये रद्द झाला आणि १८४२ मध्ये पंतप्रधान पील यांनी तो पुन्हा आणला. कर ही राजकीय लढाई होती, नुसतं एक बटण नव्हतं.

याउलट ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ मध्ये महिना उलटला की कर खजिन्यात जमा. स्थानिक स्वायत्ततेमुळे थोडी कपात होते, तेवढीच. क्रांतीपूर्व फ्रान्समध्ये अप्रत्यक्ष करांची वसुली खासगी मक्तेदारांकडे होती. ते राजाला ठरलेली रक्कम देत आणि लोकांकडून गोळा होईल ते स्वतःकडे ठेवत. राजाच्या हातात काय पडलं आणि रयतेच्या हातून काय गेलं, यातलं अंतर हा त्या काळचा मोठा आर्थिक प्रश्न होता. गेममध्ये तो जवळपास दिसत नाही.

पायरी ३: एकच वस्तू पकडा आणि शेवटपर्यंत तिचा माग काढा

या लेखातली एकच पायरी करणार असाल तर ही करा. सगळी अर्थव्यवस्था एकदम समजत नाही, एक वस्तू समजते. मी कापूस सुचवतो, कारण एकोणिसाव्या शतकात इतक्या लोकांचं नशीब बांधलं गेलेली दुसरी वस्तू सापडणं कठीण.

आधी भावाचा नियम समजून घ्या. ‘व्हिक्टोरिया ३’ मध्ये प्रत्येक वस्तूला एक मूळ भाव असतो. मागणी पुरवठ्याच्या दुप्पट झाली की भाव मूळ भावापेक्षा ७५ टक्क्यांनी वर जातो आणि तिथं थांबतो. पुरवठा मागणीच्या दुप्पट झाला की तितकाच खाली येतो. अवजारांचा मूळ भाव ४० असेल तर तो १० ते ७० यांच्यामध्येच फिरतो. म्हणजे वस्तू कितीही दुर्मीळ झाली तरी भावाला छत आहे.

आता १८६१ मध्ये जा. त्याआधी ब्रिटनच्या गिरण्यांना लागणाऱ्या कच्च्या कापसापैकी तीन चतुर्थांशाच्या आसपास माल अमेरिकेच्या दक्षिणेतून येत होता, आणि तो गुलामांच्या श्रमावर पिकत होता. यादवी युद्ध सुरू झालं, उत्तरेनं बंदरांची नाकेबंदी केली आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या. लगेच मात्र नाही. युद्धाआधीच्या भरघोस पिकामुळे इंग्लंडच्या गोदामांत साठा होता, त्यामुळे खरी ओढ १८६२ मध्ये जाणवली. भाव कडाडले, भारत आणि इजिप्तमधून कापूस निघाला, मुंबईत पैशाचा पूर आला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तिथला सट्टा कोसळला.

गेममध्ये यातलं काय दिसतं? अमेरिका दुभंगली की मळ्यांचं उत्पादन घसरतं, भाव चढतो, दुसरीकडचे मळे नफ्यात येतात. दिशा बरोबर आहे. साठा मात्र या हिशेबात नाही. माल आठवड्याच्या मागणी-पुरवठ्यावर वाहतो, त्यामुळे धक्का लागलीच बसतो. सट्टाही नाही, कारण ‘पुढच्या वर्षी भाव काय असेल’ असा अंदाज बांधून कुणी माल दाबून ठेवत नाही. आणि छतामुळे दुष्काळी भावाचा खरा झटका बोथट होतो.

त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. याच्या आधीच्या ‘व्हिक्टोरिया २’ मध्ये कापसाचं कापड व्हायचं आणि कापडाचे कपडे. ‘व्हिक्टोरिया ३’ मध्ये कापसाच्या मळ्यातून थेट ‘कापड’ या नावाची वस्तू निघते आणि गिरणी तिचे कपडे बनवते. खेळायला हे सुटसुटीत आहे यात शंका नाही. पण औद्योगिक क्रांतीची सुरुवातच मुळी सूतकताई आणि विणकामाच्या यंत्रांपासून झाली. मँचेस्टरचं सूत, यांत्रिक मागाचं कापड, आणि त्यापुढे हातमागावर बसलेला विणकर: इंग्लंडातला असो वा भारतातला, त्याचा धंदा कसा बुडाला ही त्या शतकाची मध्यवर्ती कहाणी. वस्तूंच्या यादीतली एक कडी गळाली आणि ती कहाणी सांगायची सोयच गेली. नव्या आवृत्तीत भाव आणि वर्ग यांचं चित्रण जास्त सखोल आहे, असं माझं मत आहे, तरी या एका बाबतीत मला जुनी आवृत्ती जास्त प्रामाणिक वाटते.

वहीत नुसतं लिहून ठेवा: वस्तू, कुठून येते, कोण पिकवतं, कोण वापरतं, गेममध्ये कोणती कडी गायब आहे. कापूस झाला की लोखंड घ्या, मग धान्य.

पायरी ४: निर्णय कोणाचा, हे विचारा

गेममध्ये रेल्वे कुठे टाकायची ते तुम्ही ठरवता. १८४० च्या दशकातल्या ब्रिटनमध्ये ते खासगी कंपन्या ठरवत होत्या. संसदेकडून परवानगी घेऊन, समभाग विकून. मंजूर झालेल्या मार्गांपैकी कित्येक बांधलेच गेले नाहीत आणि असंख्य मध्यमवर्गीयांचे पैसे बुडाले. तरीही त्या वेडातून देशाला रेल्वेचं जाळं मिळालं. एक शहाणा नियोजक वर बसलेला असेल तर हे वेडही नाही आणि ती उधळपट्टीही नाही.

‘व्हिक्टोरिया ३’ २०२२ मध्ये आला तेव्हा भांडवलदारांच्या गुंतवणुकीचा पैसाही खेळाडूच कुठं लावायचा ते ठरवत असे. त्यावर बरीच चर्चा झाली आणि १.२ या आवृत्तीत खासगी गुंतवणूकदार स्वतः बांधकाम करू लागले. पुढे १.७ मध्ये कारखान्यांची मालकी आणि परदेशी गुंतवणूक आली. ही वाट मला योग्य वाटते, कारण हातातला ताबा सुटला की एकोणिसावं शतक जास्त एकोणिसाव्या शतकासारखं वाटतं. जुने व्हिडिओ किंवा जुन्या सूचना वाचताना आवृत्तीचा क्रमांक नक्की बघा. दोन वर्षांपूर्वीचा सल्ला आज निव्वळ चुकीचा असू शकतो.

‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ मध्ये राजाचे प्रशासकीय गुण खर्च करून प्रांताचा विकास एका क्लिकवर वाढतो. खेळ म्हणून छान, आर्थिक दावा म्हणून फार दुबळा. तिथं लोकसंख्या नाही, मग वाढलं नक्की काय?

पायरी ५: तुम्हाला जे दिसतं, ते त्या राजाला दिसत होतं का?

‘व्हिक्टोरिया ३’ मध्ये १८३६ साली बसून तुम्ही दर आठवड्याला जीडीपीचा आलेख बघता. राष्ट्रीय उत्पन्नाचा आधुनिक पद्धतीचा हिशेब सायमन कुझनेट्स यांनी अमेरिकी काँग्रेसपुढे ठेवला तो १९३४ मध्ये, गेम संपायला दोन वर्षं उरली असताना. ब्रिटनची पहिली जनगणना १८०१ ची. भारतात सगळीकडे एकाच वेळी झालेली पहिली जनगणना १८८१ ची. त्याआधी इंग्लंडच्या विल्यम राजानं १०८६ मध्ये जमीनजुमल्याची मोजदाद करून घेतली होती, आणि ती इतकी अपवादात्मक गोष्ट होती की आजही तिचं नाव घेतलं जातं.

म्हणून गेम सुरू होताना प्रत्येक प्रांताची जी लोकसंख्या दिसते ती बहुतेक ठिकाणी आधुनिक अभ्यासकांच्या अंदाजांवरून बसवलेली असते, तीही गेमचा तोल सांभाळून. आकडा एककापर्यंत अचूक दिसला तरी त्याला नोंद समजू नका. दोन देशांची तुलना, चढ की उतार, एवढ्यासाठी तो वापरा.

याचीच दुसरी बाजू म्हणजे पश्चातबुद्धी. तेल आणि रबर पुढे किती मोलाचे ठरणार हे तुम्हाला ठाऊक असतं. १८५० च्या मंत्र्याला नव्हतं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातली ड्रेक यांची तेलविहीरच १८५९ ची, आणि तेव्हा तेल हवं होतं ते दिव्यांसाठी. उद्या कामी येईल म्हणून ओसाड भूभाग आजच जिंकून ठेवणारा खेळाडू इतिहास खेळत नसतो.

पायरी ६: पैसा आणि कर्ज यांची वेगळी तपासणी करा

सगळ्यात जास्त गेम इथेच घसरतात. ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ मध्ये सोन्याच्या खाणी असल्या की महागाई वाढते. स्पेनची आठवण ठेवून हा नियम केलेला आहे: दक्षिण अमेरिकेतल्या पोतोसीची चांदी १५४५ मध्ये सापडली, आणि तरीही स्पेनचा राजा फिलिप दुसरा १५५७, १५६०, १५७५ आणि १५९६ मध्ये सावकारांची देणी थांबवून मोकळा झाला. गेमचा दावा असा की खाण ज्याची, महागाई त्याची. प्रत्यक्षात चांदी स्पेनमध्ये टिकलीच नाही. सैन्याचे पगार, जिनोआचे सावकार, नेदरलँड्समधलं युद्ध या वाटांनी ती बाहेर गेली आणि भाव युरोपभर चढले. त्यात वाढत्या लोकसंख्येचाही हात होता. शिवाय गेममध्ये ७५ प्रशासकीय गुण मोजले की महागाई दोन टक्क्यांनी उतरते. कोणत्याही राजाला असं शक्य असतं तर सोळावं शतक फार वेगळं झालं असतं.

कर्जाबद्दल नव्या खेळाडूंना एकच सांगणं: त्याला घाबरू नका. नेपोलियनशी लढून झाल्यावर ब्रिटनचं सरकारी कर्ज देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या जवळपास दुप्पट होतं, आणि तरीही तो देश जिंकला. १६९४ मध्ये स्थापन झालेली बँक ऑफ इंग्लंड आणि संसदेनं मंजूर केलेले कर यांच्यामुळे लोक सरकारला स्वस्तात पैसे देत होते. ‘व्हिक्टोरिया ३’ मध्ये बेल्जियम घेऊन बांधकामासाठी थोडी तूट सोसा. सोन्याचा साठा भरून ठेवत बसलेला देश मागे पडतो, आणि हा नियम मला इतिहासाला धरून वाटतो.

‘हार्ट्स ऑफ आयर्न ४’ मध्ये पैसा नसल्यामुळे १९३० च्या दशकातला मूळ पेच, म्हणजे परकीय चलन नसताना शस्त्रं कशी बनवायची, तो अर्धाच दिसतो. जर्मनीला ‘मेफो बिल्स’, म्हणजे शस्त्रखर्च लपवून पुढे ढकलणाऱ्या हुंड्या, दिले आहेत, पण त्यांची किंमत राजकीय शक्तीच्या गुणांत चुकवायची. आयात मात्र नागरी कारखाने देऊन करायची, हे मला पटतं: त्यागलेलं उत्पादन हीच युद्धाची खरी किंमत.

पायरी ७: व्यापाराचे बाण उलटे करून बघा

‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ च्या व्यापारी नकाशावर बाण पक्के आहेत. मूल्य आशियातून निघून शेवटी इंग्लिश खाडी, जिनोआ किंवा व्हेनिसला पोहोचतं. तुम्ही चीन किंवा भारतातलं राज्य घेऊन जग जिंकलं तरी बाण वळत नाहीत. माल पश्चिमेकडे जात होता हे खरं, पण त्याच्या बदल्यात चांदी पूर्वेकडे येत होती. १५६५ पासून अडीचशे वर्षं मेक्सिकोतल्या अकापुल्कोहून फिलिपिन्समधल्या मनिलाला चांदी भरलेली जहाजं जात होती, ती चिनी रेशमासाठी. युरोपकडे आशियाला विकण्यासारखं फारसं काही नव्हतं म्हणून तर चांदी द्यावी लागली. गेममध्ये युरोपची श्रीमंती ही नकाशाचीच देणगी होऊन बसते; प्रत्यक्षात ती घडायला शतकं, वसाहती आणि बरीच हिंसा लागली. या एका नियमाबद्दल मला मनापासून तक्रार आहे.

पायरी ८: सरासरीच्या आत उतरा

जीवनमानाचा आकडा वर जातोय म्हणून खूश होण्याआधी तो प्रांतानुसार आणि वर्गानुसार उघडा. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक सडलं; सुमारे दहा लाख माणसं मेली आणि तितकीच देश सोडून गेली. त्याच वर्षांत आयर्लंडमधून धान्य आणि जनावरं बाहेर विकली जात होती. आयात धान्यावर जकात लावणारे ब्रिटनचे धान्य कायदे १८४६ मध्ये रद्द झाले, पण ज्याच्या हातात पैसाच नाही त्याला स्वस्त धान्यही मिळत नाही. ब्रिटनच्या सरासरीत हे शोधून सापडणार नाही. गेम तुम्हाला सरासरी मोठ्या अक्षरांत दाखवतो आणि तिच्या खालची माणसं तीन क्लिक आत ठेवतो. त्या तीन क्लिक करा.

पायरी ९: खेळाडूला बाजूला काढा

आता ‘व्हिक्टोरिया ३’ मध्ये कन्सोल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून ‘ऑब्झर्व्ह’ ही आज्ञा द्या. काही गेममध्ये त्यासाठी आधी डीबग मोड, म्हणजे चाचणीसाठीची अवस्था, चालू करावा लागतो. देश कुणाचाच नाही, सगळे एआय. वेग वाढवा आणि १८३६ पासून १९०० पर्यंत जग आपसूक चालू द्या. दर दहा वर्षांनी थांबून नोंदी घ्या.

तारखा जुळतील अशी अपेक्षा धरू नका. जर्मनी १८७१ ऐवजी १८६० मध्ये एक झाला तरी हरकत नाही. तो कशाच्या बळावर वर आला ते बघा: ऱ्हूरचा कोळसा आणि १८३४ पासूनची जर्मन राज्यांच्या जकातसंघाची सामाईक बाजारपेठ यांमुळे, की शेजाऱ्यांच्या एआयनं घोळ घातला म्हणून? जपान उभा राहतो का, आणि राहिला तर कायदे बदलून की नुसत्या नशिबानं? एकदा चालवून निष्कर्ष काढू नका. तीनचार वेळा चालवा. दरवेळी येणारं ते नियमांमुळे, एखाद्याच वेळी येणारं ते योगायोगानं.

पायरी १०: मग मॉडकडे वळा, आणि स्वतःवर बंधनं घाला

मूळ गेमचे दावे ओळखीचे झाल्यावरच मॉड, म्हणजे खेळाडूंनी गेममध्ये केलेले बदल, लावा. ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ साठी ‘मेयू अँड टॅक्सेस’ हा मॉड प्रसिद्ध आहे. त्यात लोकसंख्या, दळणवळण, राज्याची प्रत्यक्ष पकड यांचा हिशेब येतो. तो जड आहे आणि संगणकाला घाम फोडतो, पण राजधानीपासून दूरचा प्रांत सांभाळणं किती अवघड असतं हे त्यातून जितकं कळतं तितकं मूळ गेममधून कळत नाही.

मॉड नको असेल तर बेल्जियमच पुन्हा घ्या, या वेळी नियम तुमचे: जीडीपीचा आलेख उघडायचा नाही, न लागलेल्या शोधांसाठी जमीन घ्यायची नाही, आणि सरकारी पैशातून फक्त रेल्वे, बंदरं, कचेऱ्या आणि शस्त्रं. कारखाने खासगी गुंतवणूकदारांवर सोडा. ते नको त्या जागी गिरणी बांधतील, तीही तशीच राहू द्या. १८७० पर्यंत असं खेळून झालं की पहिल्या खेपेच्या नोंदींशेजारी या नोंदी ठेवा आणि लोखंडाच्या भावापासून ताडायला सुरुवात करा.